पूर, पीक विमा आणि वाढलेला हप्ता



खरीप २०२३ पासून पीक विमा एका रुपयात मिळत होता. आपला बाकीचा वाटा शासन भरत होतं. खरीप २०२५ पासून ते थांबलं. सोयाबीन, तूर, मूग, उडदाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड आणि कापूस-कांद्याला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आला. हेक्टरी ५० हजार विमा रक्कम धरली, तर सोयाबीनला हजार रुपयांपर्यंत.

पैसे वाढले, ते दिसतं. न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी शेतात पाणी शिरलं की ७२ तासांत कळवायचं आणि तुमच्या एकट्याच्या शेताचं नुकसान मोजलं जायचं. खरीप २०२५ मध्ये राज्याने ती सोय काढली. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, तीही साऱ्या महसूल मंडळाच्या सरासरीवर. त्याच ऑगस्टात मुखेड तालुक्यात लेंडीकाठची गावं पाण्यात गेली!

हिशेब बघा. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल असेल, तर तिचे ७० टक्के म्हणजे ७ क्विंटल हे उंबरठा उत्पन्न. मंडळाची सरासरी ८ आली, तर मांजरा-मन्याडकाठी ज्याचं रान पार वाहून गेलं, त्यालाही विम्याचा छदाम नाही. सरासरी साडेतीन आली, तर माळावरच्यालासुद्धा ५० हजारांतले २५ हजार. नदीकाठच्या माणसाला हा न्याय मला पटत नाही. पण हप्ता भरण्याआधी तो माहीत हवा.

म्हणून नव्या हंगामाचा शासन निर्णय आधी कृषी सहाय्यकाकडून वाचून घ्या. एकट्या शेताचं नुकसान धरतात का, हे स्पष्ट विचारा. विमा अर्जातलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक एकच असू द्या. गावात कापणी प्रयोग कोणत्या गटात आहे ते विचारून त्या दिवशी चार जणांनी बांधावर उभं राहा. वजन डोळ्यांदेखत होऊ द्या.

आणि पंचनामा विसरू नका. शासनाची मदत विम्याहून वेगळी; विमा नसला तरी ती मिळते. जमीन खरवडून गेली असेल किंवा गाळ साचला असेल, तर पिकाच्या नुकसानीशिवाय ते वेगळं नोंदवायला तलाठ्यांना सांगा. विहीर बुजली असेल, तर तीही.