राबणाऱ्यांचे बिऱ्हाड



गुरुजींच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी मी वाङ्मयीन विषय घेईन, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आपल्या सीमाभागातील शाळांचा हजेरीपट दसऱ्यानंतर रोडावतो आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरू लागतो. ज्यांचे आईबाप कामासाठी परमुलखात जातात, ती ही मुले. त्या आईबापांविषयी आज बोलावे असे वाटले.

बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिकारी उभा राहतो. मी ज्याच्याविषयी बोलतो आहे, तो पहाटेपासून काळोख पडेपर्यंत राबतो, त्याला मजुरीही मिळते, आणि तरी रात्री तो उघड्यावर निजतो.

शहाबादची फरशी आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी मराठी घरांची जमीन कलबुर्गी जिल्ह्यातील या दगडाची आहे. वाडीचे सिमेंटही तिकडे जाते. त्याच लोहमार्गाने, १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही, आपल्या कोरडवाहू तालुक्यांतील माणसे गेली. फरशी घरात गेली. ती बसवणाऱ्याचा संसार मात्र अर्धवट इमारतीच्या पायाशी किंवा पदपथावर मांडला गेला.

पदपथावर भाडे पडत नाही, असा एक समज आहे. १३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून गावी धाडण्याची घोषणा केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एक अर्जदार संगमनेरहून १९६९ मध्ये आलेला होता. गावी चर्मकाराचा धंदा, दिवसाला सात-आठ रुपये. तिथले घर पडले. मुंबईत तो बदली कामगार झाला, महिना ३५० रुपयांवर. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० लागले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची मजुरी आभाळाखालच्या त्या जागेपायी गेली!

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मानले. कामाच्या जवळ राहावे लागते, कारण दूरच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ परवडत नाही, हेही मानले. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क मात्र नाकारला. पावसाळा सरून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत तेवढी मुदत मिळाली. हा निकाल मला एकाच वेळी थोर आणि अपुरा वाटतो.

ऊसतोडीची कथा वेगळी नाही. तिथे नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. माणूस हत्याराच्या नावाने मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगामभर कोपीत राहायचे. बांबूच्या कमानी, वर चटई, पाचट किंवा प्लॅस्टिक. गाडी भरायला रात्री-अपरात्री उठायचे, आणि त्या वेळी लेकरांना त्या कोपीत कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हे प्रत्येक आईने आपापले पाहायचे. मजुरी टनावर ठरते. तिच्या हिशेबात पोट धरलेले असते, पाठ टेकण्याची जागा धरलेली नसते.

कायदे नव्हते असे म्हणता येणार नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा आणि बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा झाला. पहिल्याने निवाऱ्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली, दुसऱ्याने मालकावर. पुढे २०२० च्या संहितेत दोन्ही विलीन झाले. कोपी मात्र कोपीच राहिली.

मजुरीचे दर ठरवणे शाळेच्या हाती नाही. परंतु ही मुले गावातच राहावीत, एवढे शाळा करू शकते. वर्गखोल्या रात्री रिकाम्याच असतात. दुपारचे जेवण शाळेत मिळते. प्रश्न आहे तो रात्रीच्या भाकरीचा आणि मुलांसोबत मुक्कामाला थांबणाऱ्या एखाद्या शिक्षकाचा व एखाद्या मावशीचा. सुगीत प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी दिली, तर भाकरीचा बराचसा भार निघेल. संस्थेच्या चालकांनी येत्या दसऱ्यापूर्वी ग्रामस्थांची बैठक बोलवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.