रूळ आमच्या दारात, चावी सिकंदराबादेत
(छत्रपती संभाजीनगर येथील कामगार सभेतील भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. चार बुकं शाळेत शिकलो आणि पुढची शाळा साच्यावर झाली. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडिती भाषा सापडायची नाही. जे रोज डोळ्यांनी पाहतो आणि जे जाणत्यांकडून समजून घेतलं, तेवढंच सांगणार.

आज रेल्वेविषयी बोलायचं आहे. कुणी म्हणेल, गिरणी कामगारानं पगाराचं बोलावं, बोनसाचं बोलावं, रेल्वेचं काय घेऊन बसलात? त्याचं उत्तर आधी देतो. आमच्या गिरणीत कापूस येतो, त्याचं सूत होतं आणि ते सूत भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला मागावर चढतं. या येण्याजाण्याचा खर्च मालक स्वतःच्या खिशातून भरत नाही. एकीकडून तो शेतकऱ्याच्या कापसाच्या भावातून कापून घेतो आणि दुसरीकडून आमच्या पगारातून. वाहतूक महाग पडली की आमचा माल मुंबईच्या बाजारात टिकत नाही. माल टिकला नाही की पाळी बंद, आणि पाळी बंद म्हणजे चूल बंद. म्हणून रेल्वे हा आमच्या भाकरीचा प्रश्न आहे.

आता हा रूळ इथं आला कसा, ते पाहू.

मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढे तो रूळ मनमाडवरून भुसावळकडे गेला. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्याकडे आगगाडी यायला १९०० साल उजाडलं. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असं तिचं नाव. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादपर्यंत ३९१ मैलांचा रूळ. ती चालवणाऱ्या कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ असा शब्द होता. भागवाल्यांच्या व्याजाची हमी सरकारी तिजोरीची, आणि तिजोरी भरायची कुणी? रयतेनं. म्हणजे या रेल्वेत आमच्या पणज्यांच्या घामाचा पैसा पहिल्या दिवसापासून आहे. ती आम्हाला कुणी बक्षीस दिलेली नाही.

पण खरं ते खरं म्हटलं पाहिजे. रूळ आला आणि मुलूख जागा झाला. औरंगाबादची कापडाची गिरणी १८८९ सालची, तिच्यात सातशे माणसं. गाडी सुरू झाल्यावर सरकी काढायचे आणि गाठी दाबायचे कारखाने भराभर उभे राहिले. एकट्या जालन्यात सरकी काढायचे ९ आणि गाठी दाबायचे ५. जुन्या गॅझेटियरात आकडा आहे, १९०१ साली अशा कारखान्यांत १,०१६ माणसं कामाला होती. बैलगाडीनं कापूस किती लांब नेणार? दोन दिवसांच्या वाटेवर बैल थकतो, पाऊस आला तर बोचकं भिजतं. गाडी आली आणि जालन्याचा कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊ लागला. रेल्वेनं मुलूख कसा उभा राहतो, याचा पुरावा आमच्या दारातच आहे.

मग दुखणं कुठं होतं? दुखणं होतं मनमाडला.

मुंबईची मोठी लाईन, आमची छोटी. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर, आमच्या लाईनीत एक मीटर. तिथली वॅगन इकडं यायची नाही, इकडची तिकडं जायची नाही. सगळा माल मनमाडला उतरवायचा आणि पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवायचा. आमच्यातल्या काहींचे वडील त्या धक्क्यावर हमाल होते. कापसाच्या गाठीला आकडा लावायचा, पाठीवर घ्यायची, या वॅगनीतून त्या वॅगनीत. ते सांगायचे, एक गाठ दोनदा उचलावी लागे, आणि मोठ्या वॅगनीची वाट बघत माल पडून राही. पावसाळ्यात गाठी भिजत, पोती फुटत, चोरी होई. त्या साऱ्या नुकसानीचा भार शेवटी मराठवाड्याच्या मालावर बसे. कारखानदार हिशोब करायचा आणि म्हणायचा, नको रे बाबा, पुणं बरं, ठाणं बरं.

ही लाईन मोठी व्हावी म्हणून मराठवाड्यानं किती वर्षं घसा कोरडा केला! गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसं, निजामाशी लढून झाल्यावर, म्हातारपणी रेल्वेसाठी लढत होती. मराठवाडा जनता विकास परिषदेनं हा प्रश्न धसास लावला. मोर्चे झाले, निवेदनं झाली, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या. तेव्हा कुठं १९९२ साली मनमाड ते औरंगाबाद मोठी लाईन झाली आणि पुढच्या वर्षांत ती परभणी-नांदेडकडे सरकली. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. त्याच्या काळचा छोटा रूळ उखडायला मात्र पुढं ४४ वर्षं लागली!

आणि एक गोष्ट लपवत नाही. मोठी लाईन झाली तेव्हा मनमाडच्या त्या धक्क्यावरच्या हमालांचं काम गेलं. आमच्या माणसांच्या घरात त्या साली दिवाळी गोड झाली नाही. तरी ते हमाल कधी म्हणाले नाहीत की छोटी लाईन ठेवा. ते म्हणत, आमची पाठ मोकळी झाली ते बरं झालं, पण पोरांना काम द्या. आम्हीही तेच म्हणतो. सुधारणा हवी, पण तिची किंमत एकट्या हमालानं का मोजायची?

आता दुसरी गाठ. ती लोखंडाची नाही, कागदाची आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला आणि मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आमच्या आजे-पणज्यांनी विनाअट महाराष्ट्रात येणं पत्करलं. राज्य मराठी झालं, कचेरीची भाषा मराठी झाली. रेल्वेचं काय झालं? निजामाची रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत घातली होती, म्हणजे आमचा कारभार मुंबईकडे आला होता. पण २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण-मध्य रेल्वे निघाली आणि आमचा रूळ पुन्हा सिकंदराबादच्या ताब्यात गेला. महाराष्ट्र झाला आणि सहा वर्षांत रेल्वे उलट्या दिशेला गेली! त्याच वेळी सोलापूरही तिकडं गेलं होतं. सोलापूर १९७७ साली मध्य रेल्वेत परत आलं. आम्ही तिकडंच राहिलो. २००३ साली नांदेडला विभागाची कचेरी झाली, हे चांगलं झालं, पण तिच्या वरची मोठी कचेरी सिकंदराबादच.

सिकंदराबादचा तेलुगू कामगार आमचा वैरी नव्हे. तो आमच्यासारखाच घाम गाळतो. त्याच रुळानं आमची कैक माणसं हैदराबादला पोटाला लागली, हे आम्ही विसरत नाही. आमचं भांडण माणसांशी नाही, व्यवस्थेशी आहे. आमचा माल, आमचा विद्यार्थी, आमचा आजारी माणूस बहुतेक मुंबई-पुण्याकडे जातो. मुंबईची नवी गाडी मागायची तर अर्ज सिकंदराबादला, आणि मनमाडच्या पुढचा रूळ मध्य रेल्वेचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. जो मुलूख जिकडं बघतो, तिकडंच त्याच्या गाडीचं वेळापत्रक बघणारा हवा. म्हणून मराठवाड्याचा रूळ मध्य रेल्वेला जोडावा, ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे.

रेल्वे काय करू शकते, ते पाहा. हायकोर्टाचं खंडपीठ १९८१ साली इथं आलं. नांदेड-परभणीचा पक्षकार मराठवाडा एक्सप्रेसनं येतो, तारीख करतो आणि परत फिरतो. घाटी दवाखान्यात येणारा गरीब पेशंट त्याच रुळानं येतो. खताचा रेक मालधक्क्याला लागला की पेरणीच्या आत युरिया गावात पोचतो. एका मालगाडीत अडीच हजार टन माल येतो. तोच रस्त्यानं आणायचा तर दीडशेवर ट्रक लागतील, आणि डिझेलचा पैसा शेतकऱ्याच्या पोत्यावर चढेल. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, एका खेपेला पंचवीस लाख लिटरपर्यंत पाणी. २०२१ साली याच रुळावरच्या नगरसोलहून कांद्याच्या किसान रेल पार गुवाहाटीकडे गेल्या. रूळ असला तर तहानेला पाणी येतं आणि कांद्याला गिऱ्हाईक मिळतं.

पण लहान माणसाला रेल्वे अजून लांब आहे. पूर्वी एक वॅगन भरून माल पाठवता येई. आता बहुतेक माल आख्खी गाडी भरली तरच उचलतात. आमच्या गिरणीचं सूत एका वेळी आख्खी गाडी कुठून भरणार? म्हणून ते ट्रकनंच जातं. जालन्याजवळ दरेगावला ड्राय पोर्टची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी २०१५ साली झाली. असली सोय लहान गिरणीला आणि शेतकरी संघाला परवडेल अशा भाड्यात मिळाली, तरच तिचा उपयोग.

गाड्या वाढल्या, हेही मान्य. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ साली ती नांदेडपर्यंत गेली. चांगली गोष्ट आहे. पण तिच्या तिकिटात आमच्या कितीतरी दिवसांची मजुरी जाते. कामगाराला साधा डबा हवा. आणि एकेरी रुळावर एक गाडी पुढं काढायची तर दुसरी स्टेशनात उभी करावी लागते. उभी राहते ती कुणाची? पॅसेंजर. म्हणजे आमचीच.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदी चालू होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशचे मजूर, गावाकडची गाडी मिळेल या आशेनं रुळारुळानं पायी निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावरच त्यांचा डोळा लागला आणि मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळावर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. ते मराठी नव्हते, पण कामगार होते, आमचेच होते. मालासाठी गाडी चालू होती, माणसाला मात्र त्या रात्री गाडी नव्हती. रेल्वेनं मुलूख घडतो असं आम्ही म्हणतो, तेव्हा मुलूख म्हणजे नुसते टन आणि वॅगना नव्हेत. त्या सोळा जणांना विसरून केलेली रेल्वेची मागणी आम्ही मागणीच समजत नाही.

म्हणून आमचं म्हणणं मोजक्या शब्दांत असं:

१. अंकाई ते छत्रपती संभाजीनगर सुमारे ९८ किलोमीटरचा दुसरा रूळ मंजूर झाला आहे. पुढं परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटरलाही २०२५ साली मंजुरी मिळाली. मंजुरीच्या कागदावरून गाडी धावत नाही. काम वेळेत पुरं करा.

२. जालना-जळगाव १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२४ साली केंद्रानं मान्यता दिली. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावर बीडला पहिली गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर बीडची एक पिढी वाट बघून म्हातारी झाली. जालन्याची गत तशी करू नका.

३. मराठवाड्याचा रूळ मध्य रेल्वेला जोडा. नगर-बीड मार्गाचा निम्मा खर्च राज्यानं, म्हणजे आपण, उचलला आहे. जो पैसा देतो त्याला वेळापत्रकात तोंड उघडता आलं पाहिजे.

४. प्रत्येक नव्या गाडीला साधे डबे पुरेसे लावा आणि पाळीच्या वेळेला जालना-संभाजीनगर गाडी द्या.

५. मालधक्क्यावरच्या हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याचं संरक्षण, सावली आणि पिण्याचं पाणी द्या. काम यंत्रानं गेलं तर त्याला दुसरं काम द्या.

बंधूंनो, छोटी लाईन आपोआप मोठी झाली नाही. सोलापूरही आपोआप परत गेलं नाही. महाराष्ट्र तर नाहीच नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी सभेला आलं, वर्गणी दिली, मोर्चात चाललं. आज इथून परत जाताना स्टेशनात पाच मिनिटं उभे राहा. तो रूळ बघा. पणज्यांच्या साऱ्यातून तो आला आणि बापाच्या पाठीवरचं ओझं त्याच्यावरून गेलं. आता पोरांच्या कामाला तो लावायचा आहे. गावात जाऊन ही मागणी पारावर मांडा, ग्रामसभेत ठराव करा, ठरावाची नक्कल युनियनच्या कचेरीत आणून द्या. ठरावांचं गाठोडं बांधून आम्ही स्वतः ते रेल्वेच्या दारात नेऊन ठेवू.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!