‘शेड्यूल्ड’ या शब्दाचा अर्थ

(वैतरणा येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आज मी आपणांसमोर एकाच इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. एका शब्दासाठी एवढी सभा कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु ज्या शब्दावर आपल्या मुलांची शिष्यवृत्ती अवलंबून असते आणि ज्या शब्दाने वर्गात त्यांना हिणवलेही जाते, त्याचा अर्थ घरातील प्रत्येकास ठाऊक असला पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘शेड्यूल्ड’.

सभेपूर्वी एका भगिनीने मला विचारले, “दादा, आम्ही दीक्षा घेतली, जात सोडली. मग मुलीच्या अर्जावर पुन्हा शेड्यूल्ड कास्ट का लिहायचे? पोर विचारते, आई, शेड्यूल्ड म्हणजे हलके का गं?” या मुलीला उत्तर देणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.

‘शेड्यूल’ हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. कागदाचा लहानसा तुकडा, चिठ्ठी, एवढाच त्याचा अर्थ. पुढे कायद्याला जोडलेल्या यादीस इंग्रजीत शेड्यूल म्हणू लागले. आपण तिला अनुसूची म्हणतो. ‘शेड्यूल्ड’ म्हणजे त्या यादीत नोंदलेले. यात उच्च नाही, नीच नाही. शुद्ध नाही, अशुद्ध नाही.

आपल्या वैतरणा स्टेशनातच पाहा. विरार आणि सफाळे यांच्यामधील या स्टेशनात गाडी यावयाची जी वेळ वेळापत्रकात छापलेली असते, ती तिची ‘शेड्यूल्ड’ वेळ. त्यामुळे गाडी हलकी ठरते काय? रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यातील दुसऱ्या अनुसूचीत ज्या बँकांची नावे आहेत, त्या ‘शेड्यूल्ड’ बँका. आणि ती गोष्ट त्या बँका अभिमानाने सांगतात. जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू हा आपल्या पालघर जिल्ह्यातील मुलूख संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली ‘शेड्यूल्ड’ क्षेत्र आहे. आणि ज्या मराठीत मी बोलतो आहे, ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे. म्हणजे मराठीही ‘शेड्यूल्ड’ भाषाच! मुलीला जो कोणी त्या शब्दाने हिणवील, त्याला तिने शांतपणे विचारावे, “तुझी मातृभाषा कोणती?”

मग हा शब्द आपल्या वाट्याला आला कसा? त्यापूर्वी सरकारदरबारी आपणांस ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणत. म्हणजे दडपलेले, खाली दाबलेले वर्ग. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली जे डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, त्याच्या मराठी नावात ‘निराश्रित’ हा शब्द होता. हेतू चांगला असूनही शब्द मात्र दया मागणारा होता. 1931 साली गोलमेज परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी या नावावर लेखी आक्षेप घेतला, कारण ते मानहानी करणारे होते, आणि त्याऐवजी दुसरी नावे सुचविली. त्याच वर्षीच्या जनगणनेत ‘एक्स्टीरिअर’, म्हणजे बाहेरच्या जाती, असा शब्द वापरला गेला. शेवटी 1935 च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आणले आणि 1936 च्या हुकुमाने यादी प्रसिद्ध झाली. आधीचे शब्द माणसाची अवस्था वर्णन करीत; हा शब्द केवळ नोंद सांगतो. 1942 साली बाबासाहेबांनी आपल्या राजकीय पक्षाचे नाव शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे ठेवले, हे ध्यानात घ्या.

आता उपयोगाविषयी. हे विशेषण जातीला लागते, माणसाला नव्हे. “तो शेड्यूल्ड आहे” असे बोलणे व्याकरणानेही चुकीचे आणि माणुसकीनेही चुकीचे. यादीत जातीचे नाव आहे, तुमच्या मुलीचे नाही. ‘शेड्यूल्ड ट्राइब्ज’ ही वेगळी यादी. आपले शेजारी वारली, काटकरी, मल्हार कोळी हे त्या यादीत आहेत. जातींची यादी संविधानाच्या 341 व्या कलमाखाली आणि जमातींची 342 व्या कलमाखाली केली जाते.

या दोन याद्यांत एक मोठा फरक आहे. जमातींच्या यादीस धर्माची अट नाही. जातींच्या यादीस आहे. 1950 च्या आदेशाने ती यादी मुख्यतः हिंदू धर्मीयांपुरती ठेवली. 1956 साली शीख धर्मीयांचा समावेश झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरास आपल्या समाजाने दीक्षा घेतली आणि ज्यांनी प्रामाणिकपणे ‘बौद्ध’ असे लिहिले, ते केंद्राच्या सवलतींना मुकले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. पण केंद्राचे दार उघडावयास 1990 साल उजाडले. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून ‘बौद्ध’ हा शब्द घातला. मधली चौतीस वर्षे कित्येक घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कागदावर हिंदू, असे दुहेरी जिणे जगावे लागले. त्यांना दोष देऊ नका. भुकेपुढे त्यांचा निरुपाय होता. पण आज ती सबब उरलेली नाही.

म्हणून भगिनी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. धर्माच्या रकान्यात ठळक अक्षरांनी ‘बौद्ध’ लिही. जातीच्या रकान्यात धर्मांतरापूर्वीची, यादीत असलेली जात लिही. ती लिहिताना तू जात मानतेस असे होत नाही. तुझ्या पूर्वजांवर जो अन्याय झाला, त्याची नोंद तू राज्याच्या वहीत दाखवितेस. सावकाराने बुडविलेल्या कर्जाचा कागद जपून ठेवणारा माणूस सावकाराचा दास होत नाही; तो आपला हक्क जपतो. जात घरातून जावी, मनातून जावी, लग्न जुळविताना जावी. हक्काचा कागद मात्र पेटीत राहावा.

बंधुभगिनींनो, ज्यांना शब्दांचे अर्थ ठाऊक नव्हते, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी नावे ठेवली. यापुढे मुलांनी परका शब्द ऐकला, की लाजू नये. कोश उघडावा, कायदा उघडावा आणि अर्थ स्वतः वाचावा. आज घरी गेल्यावर मुलांना जवळ बसवा, संविधानाचे 341 वे कलम त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले, त्याचा आरंभ एका शब्दापासूनही होतो.

जयभीम! नमो बुद्धाय!