मधल्या माणसाचा रुपया
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



'लहान सेवाव्यवसाय आणि आजची वेठबिगारी' हा विषय मंडळाच्या चालकांनी मला नेमून दिला, तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले, "आपला आणि गुलामगिरीचा संबंध काय?" शंका स्वाभाविक आहे. आपल्या ज्ञातीत मोठे कारखानदार थोडे. कोणी कचेऱ्यांच्या साफसफाईचे काम घेतो, कोणी पहारेकरी पुरवितो, कोणी लग्नकार्यातील भोजनाचे कंत्राट चालवितो. दहा-वीस माणसे पदरी आणि हंगामात मुकादमाने आणून दिलेली आणखी तितकीच. अशा ठिकाणी साखळदंड कोठून येणार?

साखळदंड येत नाहीत, हे खरे. येते ती उचल.

वेठबिगार पद्धती १९७५ च्या वटहुकमाने आणि पाठोपाठ १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. त्या कायद्यातील व्याख्या प्रत्येक व्यावसायिकाने एकदा वाचावी. उचलीपायी जो नाममात्र मजुरीवर राबतो, किंवा दुसरीकडे काम धरण्याचे, मोकळेपणाने जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य गमावून बसतो, तो वेठबिगार होय. मारहाण झाली पाहिजे, दाराला कुलूप पाहिजे, अशी अट तेथे नाही. विशिष्ट जातीत जन्म झाला म्हणून गळ्यात पडलेले कामही त्याच व्याख्येत मोडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक आणले, ते असल्याच राबणुकीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे मुद्दाम सांगतो. "गावाकडचा आहे, आपल्याच माणसाने पाठविला आहे," म्हणून आणलेल्या मुलाला पगार मागण्याचा संकोच वाटतो आणि तो संकोच आपल्या पथ्यावर पडतो. नात्याचा ओलावा हिशेबाच्या जागी वापरला, की त्यातूनच वेठ सुरू होते.

आता मधल्या माणसाविषयी. दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालू होती. मजुराचे किमान वेतन रोजी ९ रुपये २५ पैसे होते. हाती पडत ८ रुपये २५ पैसे. उरलेला एक रुपया जमादार दस्तुरी म्हणून कापून घेई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मजूर ठेकेदारांचे, असा पवित्रा सरकारी यंत्रणांनी घेतला. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने तो अमान्य केला. पोटाच्या गरजेने माणूस किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबतो, तेव्हा तीही सक्तीचीच मजुरी. ती घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध आहे, असे न्यायालयाने ठरविले. भूक हीदेखील एक सक्ती आहे, हा त्याचा मथितार्थ. पुढे १९८५ च्या दुरुस्तीने कंत्राटी आणि परप्रांतीय मजुरांकडून घेतलेले सक्तीचे कामही वेठबिगारीच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट झाले.

तेव्हा आपण मुकादमाला पुरते पैसे मोजले, एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. ते मजुराच्या हाती किती पडले, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. किंबहुना, आपण पुरते मोजतो तरी का, हा त्याआधीचा प्रश्न. वीस माणसांचे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि मुकादमाचा रास्त नफा यांची बेरीज करावी. मुकादमाने सांगितलेला आकडा त्याहून कमी भरला, तर तो फरक कोणाच्या ताटातून येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. हाच न्याय आपण गिऱ्हाइकाला देतो त्या दरपत्रकालाही लागू आहे.

कोणी म्हणेल, "उचल आम्ही अडीअडचणीला देतो. माणूस पळाला तर आमचे पैसे बुडाले." अडचण खरी आहे आणि उचल देणे हा गुन्हा नव्हे. परंतु तिची फेड पैशात व्हावी, माणूस अडकवून होऊ नये. रक्कम कागदावर मांडावी, प्रत त्याच्या हाती द्यावी, हप्ता आधी ठरवावा. सर्व कपाती मिळून निम्म्या वेतनापलीकडे जाता कामा नयेत, असे कायदाच सांगतो. तो काम सोडतो म्हणाला, तर त्याची वाट अडवू नये.

याखेरीज चार पथ्ये सांगतो. पगार मजुराच्या स्वतःच्या खात्यात जावा आणि पासबुक व कार्ड त्याच्याच खिशात असावे. आधारपत्र, परवाना, दाखले पाहून परत करावेत. 'सांभाळण्यासाठी' ठेवून घेऊ नयेत. नोकरी लावून देण्याबद्दल कोणी त्याच्याकडून पैसे घेतले काय, हे विचारावे. आणि वर्षातून दोनदा तरी मजुरांच्या खोलीवर स्वतः जावे, मुकादमाच्या पाठीमागे, त्यांच्या भाषेत बोलावे.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना याविषयी दरसाल निवेदन काढावे लागते. त्यांची प्रश्नावली आपल्याकडील लहान पुरवठादारांपर्यंत येते. तिच्यावर न पाहता सही करणे सोपे आहे. परंतु ती खोली पाहिल्यावाचून केलेल्या सहीला अर्थ नाही.

वेठ आढळलीच, तर मुकादमाला तडकाफडकी काढून मोकळे होऊ नये. त्यायोगे मजूर मात्र कर्जासह रस्त्यावर येतो. जिल्हादंडाधिकाऱ्यांना अथवा दक्षता समितीला कळवावे. वेठीचे कर्ज कायद्याने नष्ट होते, ही गोष्ट त्या मजुराला बहुधा कोणी सांगितलेली नसते. ती आपण सांगावी.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या कार्यालयात लग्ने होतात, पंक्ती उठतात. भांडी घासणारे हात कोणाचे, त्यांना रात्री काय मिळते, हे आपण आचाऱ्याला आजवर विचारलेले नाही. पुढील वर्षाच्या करारात एवढे एक कलम घालावे: मजुरी कार्यालयाच्या खिडकीवर, व्यवस्थापकांसमक्ष, ज्याची त्याला मिळेल. त्यासाठी पंक्तीचा दर थोडा वाढला, तर यजमानांनी तो आनंदाने सोसावा.