दहावीचे गणित पाचवीत सुरू होते

(वसमत येथे पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेरणीची घाई असतानाही तुम्ही वेळ काढून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. आज मी एकाच विषयावर बोलणार आहे : गणित. आमच्या अभ्यासवर्गातली लेकरे बाकीचे विषय कशीबशी काढतात, पण गणिताला अडतात. मग घरात एकच वाक्य ऐकू येते, "ह्याच्या डोक्यात गणित शिरतच नाही." हे वाक्य तुम्ही आजपासून सोडून द्यावे, एवढ्यासाठी मी उभा आहे.

गणित हा जिन्यासारखा विषय आहे. इतिहासाचा एक धडा बुडाला तरी पुढचा वाचता येतो. गणितात खालची पायरी नसेल तर वरची चढता येत नाही. दहावीचे वर्गसमीकरण घ्या. ते सोडवायला अवयव पाडता यावे लागतात. ते आठवीत शिकवतात. अवयव पाडायला ऋण संख्यांचा गुणाकार लागतो. तो सातवीत येतो. त्याच्याही खाली पाढे आहेत. नववीत त्रिकोणमिती सुरू होते. ती म्हणजे त्रिकोणाच्या बाजूंची गुणोत्तरे, आणि गुणोत्तर कळायला अपूर्णांक कळावा लागतो. आपल्याला वाटते लेकरू नववीत अडले. खरे तर ते पाचवी-सहावीतल्या पाव आणि पाऊणच्या हिशोबाला अडलेले असते.

ही पायरी निसटते कुठे? दिवाळी झाली की आपल्यातली कितीतरी घरे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरू सोबत जाते आणि निम्मे वर्ष फडावर निघून जाते. परत आल्यावर ते वरच्या वर्गात बसते, पण बुडालेला धडा त्याला पुन्हा कोणी शिकवत नाही. असे दोन-तीन हंगाम गेले की जिन्यात भगदाड पडते. त्यात लेकराच्या बुद्धीचा काहीच दोष नाही.

आता पुढचा रस्ता समजून घ्या. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत गणिताचे दोन भाग आहेत. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. दहावीला प्रत्येक भागाचा ४० गुणांचा पेपर आणि २० गुण अंतर्गत, असे १०० गुण होतात. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण झाले आणि प्रत्येकात किमान २५ असले, तरी मंडळ पास करते. ही सवलत चांगलीच आहे. पण काठावर पास झालेल्या लेकराला अकरावीत गणित घ्यायला लावू नका. आधी कच्चा भाग भरून काढा.

दहावीनंतर वाटा फुटतात. अभियांत्रिकीच्या पदवीकडे जायचे तर अकरावी-बारावी विज्ञानला गणित घ्यावे. बी.एस्सी. नर्सिंगसाठी जीवशास्त्र लागते. फार्मसीला जीवशास्त्र किंवा गणित, दोन्ही चालते. आयटीआय आणि पॉलिटेक्निक दहावीनंतरच उघडतात; तीन वर्षांचा डिप्लोमा केला की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. कला शाखेत गणित नाही म्हणून सुटलो, असेही समजू नका. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असतेच.

आणखी एक अडचण कोणी आधी सांगत नाही. अकरावी विज्ञानचे गणित इंग्रजीतून असते. दहावीपर्यंत 'समरूपता' म्हटलेली गोष्ट एकदम 'सिमिलॅरिटी' होते. हुशार पोरगीसुद्धा पहिले तीन महिने गप्प बसते. दहावीच्या सुट्टीत दोन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहून वही केली, तर हे ओझे बरेच हलके होते.

मी गणितावर एवढा जोर का देतो? आपली पोरे सगळी इंजिनिअर व्हावीत म्हणून नाही. मुकादमाची उचल, टनाचा दर, खाडे, कापलेले पैसे हे सगळे गणितच आहे. मोंढ्यात हळद घातली की वजन, हमाली, तोलाई यांचा हिशोब चिठ्ठीवर असतो. ज्याला तो वाचता येतो, त्याला फसवणे अवघड जाते. वर्षानुवर्षे न फिटणारी उचल कागदावर मांडून विचारणारे एक लेकरू घरात असले, तर समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, ऊसतोडीला जाताना लेकराला मागे ठेवता येते का पाहा. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि मुख्याध्यापकांकडे वेळेत मागणी करा, निघायच्या आदल्या दिवशी नव्हे. दुसरी, लेकरू आठवीत गेले की गुरुजींना गुण विचारू नका. "याची कोणती पायरी कच्ची आहे?" असे विचारा. नववी लागायच्या आत अपूर्णांक, ऋण संख्या आणि पाढे पक्के झाले तर पुष्कळ झाले. तिसरी, अकरावीचा अर्ज भरण्याआधी कोणता विषय सोडल्याने कोणती वाट बंद होते, ते विचारून घ्या. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची चौकशी कळमनुरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते.

आमचा अभ्यासवर्ग तुमच्यासाठीच आहे. नववी-दहावीच्या लेकरांना आम्ही आधी पाचवी-सहावीचे पुस्तक देतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पडलेली पायरी बांधल्याशिवाय माडीवर जाता येत नाही, हे घर बांधणाऱ्या माणसाला मी काय सांगावे?