वारसाहक्काचे कज्जे आणि आपली घरे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, नवीन सभासदांचे स्वागत झाले, आणि अशा मंगल प्रसंगी मृत्यूनंतरच्या व्यवहारावर बोलण्याचे काम चिटणिसांनी मजकडे सोपविले आहे. हा विषय अनेकांस अशुभ वाटतो. घरात वडील मंडळी असताना मृत्युपत्राचा शब्द निघाला की मुलांच्या मनात काही काळेबेरे आहे असा संशय येतो, म्हणून तो शब्द कोणीच काढीत नाही. पुढे जे घडते ते आपण सर्वच पाहत आलो आहोत. मी कायदेपंडित नव्हे; मॅट्रिक होऊन उभा जन्म शाळेत खडू झिजविलेला एक मास्तर आहे. परंतु मास्तराकडे लोक अर्ज लिहून घेण्यास येतात, आणि त्यांत वारसाच्या अर्जांचा भरणा मोठा असतो. त्या निमित्ताने कायद्याची पुस्तके चाळावी लागली आणि वकील मंडळींना वारंवार त्रास द्यावा लागला. त्यातून जे कळले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम वारस कोण, हे पाहू. आपल्याकडे हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला, त्यास आता सत्तर वर्षे होत आली. तरीही ह्या प्रश्नाविषयी घरोघरी जे समज आहेत ते त्यापूर्वीचेच आहेत. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई ह्यांना समान हिश्शांनी मिळते. समजा, एका गृहस्थाच्या मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. मिळकतीचे पाच सारखे भाग झाले. पत्नीला सर्व मिळते हा समज चुकीचा, आणि मुलग्यांनाच मिळते हा त्याहून चुकीचा. आईचे नाव तर बहुधा सगळेच विसरतात. पुत्रशोकाने खचलेली म्हातारी कोपऱ्यात बसलेली असते. आपणांस हिस्सा आहे हे तिलाही ठाऊक नसते. पुढे ती मृत्युपत्र न करता गेली म्हणजे तिचा तो पाचवा भाग तिच्या सर्व मुलामुलींकडे, अर्थात मृताच्या भावाबहिणींकडेही वळतो. दहा वर्षांनी घर विकावयास काढावे, आणि वकिलाने काकांच्या व आत्यांच्या सह्या मागाव्यात, असे प्रसंग मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहेत. त्या वेळी आत्याबाई लोभी ठरतात. वास्तविक त्यांनी काहीच मागितलेले नसते, कायद्यानेच त्यांचे नाव तेथे लिहिलेले असते.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा हिशेब निराळा आहे व तो वकिलाकडूनच करून घ्यावा. येथे एवढेच सांगतो की, आपल्या राज्याने १९९४ साली अविवाहित मुलींना अशा मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने तो सर्व मुलींना, विवाहित असोत वा अविवाहित, मुलग्यांच्या बरोबरीने दिला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे काय, ह्याविषयी पुष्कळ वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला. वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटप झालेले असल्यास ते मोडता येत नाही. जुन्या कायद्यात वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानून सावकार त्याच्यामागे लागत असे, तेही २००५ नंतरच्या कर्जांपुरते बंद झाले आहे. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरती असते. पतसंस्थेचा वसुली अधिकारी दारात येऊन मोठ्याने बोलू लागला म्हणजे हे आठवावे. मात्र मुलाने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम उभा आहे त्या विषयाकडे येतो.

आपल्या घरांतून एक रीत पडली आहे. दहावे, बारावे, तेरावे ह्या दिवसांसाठी बहिणी माहेरी आलेल्या असतात. सगळे एकत्र आहेत, पुन्हा जमतील न जमतील, म्हणून भाऊ त्याच दिवसांत कागद तयार करतात. कोणी तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतो, कोणी तलाठ्यापुढे जबाब लिहून देववितो. कागदात काय लिहिले आहे हे वाचून दाखविले जातेच असे नाही. बहीण सही करते. तिचे डोळे अजून कोरडे झालेले नसतात, आणि नाही म्हटले तर हे दार बंद होईल, ही भीती तिच्या मनात असते. संध्याकाळी तिला साडी नेसवून पाठवणी होते आणि भावांना वाटते की सर्व रीतसर पार पडले.

बंधूंनो, बहिणीने हक्क सोडू नये असे मी म्हणत नाही. मिळकत तिची आहे. ती भावाला द्यावयाची तिची इच्छा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण ती इच्छा सुतकात विचारू नका. चार महिने जाऊ द्या. तिच्या घरी जा, मेव्हण्यांसमक्ष बसा, मिळकतीची खरी किंमत सांगा, मसुदा मराठीत वाचून दाखवा, आणि नको म्हणण्यास तिला जागा ठेवा. तिने हिस्सा मागितला तर दिवाळीचे आमंत्रण बंद होणार नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू येऊ द्या. भगिनींना माझे सांगणे इतकेच की, न वाचलेल्या कागदावर सही करू नये. समजा, कोणी त्यासाठी नाराज झालाच, तर ती नाराजी त्या दिवशी सोसावी.

ह्यात भावांच्याही हिताची गोष्ट आहे. स्थावर मिळकतीतील हक्क सोडावयाचा तर दस्ताची नोंदणी लागते. तलाठ्यापुढील नुसत्या जबाबाने किंवा साध्या कागदाने हक्क सुटत नाही. फेरफाराची नोंद ही सरकारी साऱ्याच्या वसुलीसाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव गळले म्हणून निश्चिंत असलेल्या घरात, महामार्गासाठी जमीन संपादन होऊन मोबदल्याची नोटीस आली, की भाच्यांचा दावा उभा राहतो. मग मोबदल्याची रक्कम अडकते आणि वकिलांची मुले शिकतात. (आपल्यांत वकील मंडळी बसली आहेत, त्यांनी राग मानू नये.)

वारसाची नोंद कशी करावी हे थोडक्यात सांगतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करून दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊन ठेवाव्यात. शेतजमिनीसाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. सर्व वारसांची नावे, वये व पत्ते खरे लिहावेत. नोंद धरल्यावर संबंधितांस नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते, आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कित्येक सातबाऱ्यांवर पणजोबांचीच नावे राहिलेली पाहून शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम काढली, ह्यावरून आळस किती खोल आहे ते दिसते. एक अडचण मात्र शाळामास्तरालाच कळावी अशी आहे. वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यात ‘रामचंद्र’, रेशनकार्डात ‘रामा’ आणि सातबाऱ्यावर ‘रामजी’. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर नुसते ‘बाई’. ही माणसे एकच आहेत हे सिद्ध करण्यात वर्ष जाते. ती हयात असतानाच नावे एकसारखी करून घ्यावीत; मृत्यूनंतर त्यासाठी प्रतिज्ञापत्रांची माळ लागते.

मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडे राहणाऱ्या सभासदांचा घोटाळा निराळा असतो. ‘दादाचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे, म्हणजे सदनिका दादाची’, असे ते समजतात. नॉमिनी हा सामान्यतः वारसांच्या वतीने मिळकत हाती घेणारा विश्वस्त असतो. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितले. सहकारी गृहनिर्माण संस्थांविषयी २०१९ साली आपल्या राज्याच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तीप्रमाणे, खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. विम्याचा अपवाद ध्यानात ठेवावा: २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, पती वा पत्नी व मुले ह्यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास रकमेवर त्यांचा हितसंबंध मानला आहे. बँकेच्या ठेवींसाठी नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. ही सोय उत्तम आहे, परंतु तिने मृत्युपत्राचे काम होत नाही.

आता मृत्युपत्र. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही आणि त्याच्या समक्ष दोन साक्षीदारांच्या सह्या, हा त्याचा प्राण. ज्यांस काही मिळावयाचे आहे त्यांना साक्षीदार करू नये, आणि साक्षीदार आपल्याहून वयाने लहान घ्यावेत. कारण पुढे निदान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते. आपले समवयस्क मित्र त्या वेळी कोठे असतील ह्याचा भरवसा नाही. वडिलोपार्जित मिळकतीपैकी मात्र आपला हिस्सा तेवढाच मृत्युपत्राने देता येतो.

मृत्युपत्र खरे आहे असा न्यायालयाचा निर्वाळा म्हणजे प्रोबेट. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावर मिळकतीविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रास १९२५ च्या कायद्याच्या २१३ व्या कलमाने प्रोबेट सक्तीचे होते. राज्यात इतरत्र ही सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच वगळले. प्रोबेट आजही मागता येते, आणि जेथे हरकत येण्याचा संभव आहे तेथे ते घेणे शहाणपणाचे. अर्ज केल्यावर वारसांना नोटिसा जातात; कोणी कॅव्हेट लावले तर त्या अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. न्यायालय तेथे मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच पाहते, मिळकत मुळात कोणाची हे पाहत नाही.

खऱ्या मृत्युपत्रानेही वाद टळतोच असे नाही, ह्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ह्यांनी १८९७ च्या ऑगस्टात मृत्युशय्येवर मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत लोकमान्य टिळकांचे नाव घातले. लोकमान्य त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते. महाराजांच्या मृत्यूनंतर झालेला पुत्र अल्पकाळातच गेला. मग दत्तकाचा प्रश्न आला. १९०१ साली औरंगाबादेस एक दत्तक झाले, ते पुढे विधवा ताई महाराजांनी नाकारले, दुसरे दत्तक घेतले आणि टिळकांचे प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. १९०२ मध्ये ते रद्द झाले. त्यातून फौजदारी खटला निघाला, १९०३ मध्ये लोकमान्यांना शिक्षा झाली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, आणि दत्तकाचा दिवाणी दावा चालत चालत १९१५ साली विलायतेस प्रिव्ही कौन्सिलमध्ये लोकमान्यांच्या बाजूने संपला. अठरा वर्षे! आणि हे कोणाच्या वाट्याला, तर जे स्वतः कायद्याचे वर्ग चालवीत त्यांच्या. राजकारणाचा वैरभाव त्या खटल्यात होता हे खरे. तथापि अंतकाळी घाईने झालेल्या व्यवस्थेत दत्तकाचा प्रश्न पुढे सोडून दिला होता, हेही खरे.

आणखी एक निकाल सांगतो. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांनी मृत्युपत्राविषयी जे विवेचन केले ते आजही आधारभूत मानले जाते. ज्याला मिळकत मिळावयाची त्यानेच मृत्युपत्र करविण्यात पुढाकार घेतला असेल, करणाऱ्याची प्रकृती क्षीण असेल, निकटच्या वारसांना अकारण वगळले असेल, तर ह्या संशयास्पद बाबी होत, आणि त्या दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर पडतो. म्हणून रुग्णालयात नळ्या लावलेल्या बापाचा अंगठा घेणाऱ्या चिरंजीवांनी आपण काय मिळवीत आहोत ह्याचा विचार करावा. मुलीला कमी द्यावयाचे असेल तर बापाने कारण स्वतः लिहावे, तेही धडधाकट असताना.

मृत्युपत्र नसल्यास बँकेतील ठेवी व शेअर ह्यांसाठी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र मिळते. घराजमिनीसाठी ते चालत नाही. त्यासाठी आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालील वारस दाखला अजूनही दिला जातो.

काही वृद्ध सभासदांनी सुचविले आहे की असे तंटे ज्ञातीच्या पंचांनी मिटवावेत. मला ते पटत नाही. पंचांत बहिणी नसतात, आणि वजनदार सभासदाविरुद्ध बोलण्यास कोणी धजत नाही. संस्थेने दोन्ही पक्षांस एका खोलीत बसवावे, चहा द्यावा, आणि समेट झाला तर तो वकिलाकडून लिहवून नोंदवावा. निवाडा देऊ नये. दावा चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड करता येते. तिचा निवाडा न्यायालयाच्या हुकुमनाम्यासारखाच असतो आणि भरलेला स्टँप परत मिळतो. स्त्रियांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, ही गोष्ट फार थोड्या भगिनींना माहीत आहे. ती आज येथे आलेल्यांनी घरी जाऊन सांगावी.

ज्यांचे वारसाचे अर्ज राहिले आहेत त्यांनी भोजनानंतर मागील दालनात मला भेटावे. येताना मृत्यूचा दाखला, चालू सातबारा किंवा संस्थेचे भागपत्र, आणि सर्व वारसांची, बहिणींसह, नावे लिहिलेला कागद आणावा. बहिणींची नावे नसलेला अर्ज मी लिहीत नाही.