बिदागी, सुपारी आणि शाहिराचं कडवं

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळानं आम्हाला विषय दिला होता ‘लोककला आणि आजचा तरुण’. विषय खजुरीच्या शिवारापेक्षा मोठा आहे, आणि आम्हाला वेळ दिलाय आरतीच्या आधीचा. म्हणून आम्ही त्यातला एकच प्रश्न घेतला आहे. लोकांच्या बाजूनं, लोकांच्या रागातून गाणारा माणूस नावारूपाला आला, त्याला पैसा मिळू लागला, तर तो लोकांचा राहतो का? की विकला जातो?

हा प्रश्न आमच्या डोक्यात आपल्या पोरांमुळेच आला. पुण्या-बेंगळुरूला शिकणारी पोरं सुट्टीत येतात आणि ‘पंक’ नावाचं संगीत ऐकतात. आम्ही एकदा कान देऊन ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, हलगी कोणी विजेच्या तारेला जोडली की काय! पण माहिती घेतली तेव्हा गोष्ट ओळखीची निघाली. १९७६च्या सुमारास लंडनमध्ये हाताला काम नसलेली पोरं गिटारचे तीनचार सूर शिकून मंचावर उभी राहिली आणि राजघराण्यापासून कारखानदारापर्यंत सगळ्यांना शिव्या घालू लागली. त्यात ‘द क्लॅश’ नावाचं एक पथक होतं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला आणि त्यांच्याच चाहत्यांनी बोंब ठोकली, की पोरं विकली गेली.

पुढं काय झालं ते ऐका. कंपनीनं त्याच वर्षी त्यांना न विचारता त्यांचं एक गाणं बाजारात आणलं. या पोरांनी काय करावं? त्यांनी कंपनीच्या या अरेरावीवरच नवीन गाणं रचलं, आणि ते त्याच कंपनीला विकायला लावलं. पुढं १९८० मध्ये तीन तबकड्यांचा संच काढला तेव्हा तो सामान्य पोराला परवडावा म्हणून स्वतःच्या मानधनातला मोठा वाटा सोडून दिला. आता यांना विकले गेले म्हणायचं की नाही? तिकडं अजून भांडण चालू आहे. पण हे भांडण आपल्याकडं त्यांच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं आहे, आणि आपल्या पोरांना ते ठाऊक नाही. म्हणून हे भाषण.

एक गैरसमज आधी दूर करू. शाहिरानं पैसे घेणं म्हणजे विकलं जाणं, असं आपल्या परंपरेत कधीच नव्हतं. पेशवाईतल्या शाहिरांना दरबारची बिदागी मिळत होती. आपल्या शेजारच्या सोलापूरचा राम जोशी घ्या. कीर्तनकाराच्या घरातला पंडित माणूस डफ-तुणतुण्याच्या संगतीत गेला, घरच्यांचा रोष घेतला, आणि बिदागीही घेतली. तमाशाच्या फडाची तर भाषाच पैशाची आहे. कार्यक्रम ठरला की ‘सुपारी फुटली’ म्हणतात. बारी रंगात आली की दौलतजादा होतो. नोट पुढं करणाऱ्याचं नाव मंचावरून घेतलं जातं आणि त्याच्या फर्माइशीची लावणी होते. नाव घेतलं म्हणून त्या कलावंताला कोणी गद्दार म्हटलेलं नाही. पोट सगळ्यांना आहे. आम्ही स्वतः सरकारी नोकर, दर महिन्याला पगार घेतो आणि साहेब बोलतील त्याला मान हलवतो. तेव्हा दुसऱ्याच्या बिदागीवर बोट ठेवण्याचा आम्हाला तरी अधिकार नाही.

आता लाल बावट्याकडं येऊ. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. अण्णा भाऊ वाटेगावचे, शाळेचं तोंड जवळजवळ न पाहिलेले. अमर शेख आपल्या बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत कामगार म्हणून राबलेला हा माणूस. त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानाच्या टोकाला जायचा, असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्या कार्यक्रमांवर त्या काळच्या मुंबई सरकारनं बंदीही घातली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ गाजली. त्या गाण्यात गावाकडं राहिलेली मैना म्हणजे सीमेपलीकडं राहिलेला मुलूखही आहे. म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा. त्या प्रश्नावर अधिक बोलण्याची मुभा आमच्या नोकरीत नाही, तेव्हा तिथंच थांबतो. हसू नका!

मुद्दा असा, की हीच माणसं पुढं बाजारातही गेली. अमर शेखांनी १९६१च्या ‘प्रपंच’ चित्रपटात काम केलं. अण्णा भाऊंच्या ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ज्या सरकारविरुद्ध गायले त्याच सरकारच्या गादीवर बसलेल्यांनी ‘फकिरा’ला १९६१ मध्ये पुरस्कार दिला आणि अण्णा भाऊंनी तो घेतला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. आता तुमच्या त्या पंकवाल्यांच्या काट्यावर तोललं, तर हा माणूस दहा वेळा विकला गेला असता. पण ‘फकिरा’ उघडून पाहा. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली आहे, आणि तिचा नायक इंग्रजांचा खजिना लुटून उपाशी गावकऱ्यांना वाटणारा मांग तरुण आहे. पुरस्काराच्या आशेनं त्याला कुठं मऊ केलेलं नाही.

इथं आम्हाला आपल्याच लोकांवर जरा रागवायचं आहे. अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत कितीतरी वर्षं राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदापूरजवळ रस्त्यावरच्या अपघातात अमर शेख गेले. विठाबाई नारायणगावकर, राष्ट्रपती पदक मिळालेल्या तमाशा सम्राज्ञी, २००२ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांच्याही शेवटच्या दिवसांत पैशाची ओढाताण होती. आणि आपण काय करतो? जयंतीला फोटोला हार घालतो आणि अभिमानानं सांगतो, की बघा, झोपडीत राहिले पण वाकले नाहीत. जणू झोपडीच त्यांच्या खरेपणाचं प्रमाणपत्र! कलावंत उपाशी मेला की आपण त्याला खरा म्हणतो, आणि त्यानं सोलापुरात दोन खोल्यांचं घर घेतलं की लगेच कुजबुज सुरू. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. अण्णा भाऊंना चांगलं घर, औषधपाणी आणि रॉयल्टी वेळेवर मिळाली असती, तर ‘फकिरा’चं एक अक्षरही खोटं झालं नसतं.

मग विकलं जाणं म्हणजे नक्की काय? आम्ही पॉलिटेक्निकचे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस, त्यामुळं आम्हाला काँक्रीटच्या भाषेत सुचतं. एकास दोन, दोनास चार, हे प्रमाण कागदावर असतं. कंत्राटदारानं गुपचूप वाळू वाढवली तर भिंत बाहेरून तशीच दिसते, वर चुना-रंगही तोच. पहिला पाऊसही निघून जातो. ओलावा नंतर दिसतो. गाण्याचंही तसंच आहे. चाल तीच, डफ तोच, फेटा तोच. मधलं एक कडवं गळालेलं असतं. कोणतं गळालं आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढंच आम्ही पाहतो.

शिंदे घराण्याकडं याच नजरेनं पाहा. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. ज्या गावात चोखोबांनी देह ठेवला त्या मातीचा हा आवाज. त्यांनी भीमगीतं गायली, पंढरीच्या वाटेची गाणी गायली, गणपतीचीही गायली. या मंडपात सकाळपासून जो आवाज वाजतोय, त्यात प्रल्हाददादांचा वाटा किती, ते आमच्या साउंडवाल्याला विचारा. काही जण तेव्हा विचारायचे, की भीमाचा गायक देवाची गाणी कशी गातो? पुढं आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं कॅसेटच्या जमान्यात असं चाललं, की एसटी स्टँडवरच्या टपरीपासून लग्नाच्या बँडपर्यंत दुसरं काही ऐकू येईना. तेव्हा तर नाकं मुरडणाऱ्यांना ऊतच आला. पण चौदा एप्रिलला भीमगीतांसाठी लोक बोलावतात ते याच घराला, आणि तिथं हा गळा पोपटासारखा गात नाही. कॅसेट कंपनीनं पोपट मागितला, त्यांनी दिला. जयंतीचं गाणं कोणाच्या सांगण्यावरून बदललं, असं आमच्या ऐकण्यात नाही. आम्हाला यात विकलं जाणं दिसत नाही. आपल्यातल्या काही विद्वानांचं मत वेगळं आहे, त्यांनी चहाच्या वेळी भेटावं.

अगदी अलीकडचं उदाहरण संभाजी भगत यांचं. झोपडपट्टीत, मोर्चात गाणारा शाहीर. २०१२ मध्ये त्यांच्या संकल्पनेतून ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक रंगभूमीवर आलं, तिकीट काढून लोकांनी पाहिलं आणि ते चांगलं चाललं. पुढं चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटासाठी त्यांनी गाणी दिली. गाण्यामुळं खटल्यात अडकलेल्या एका म्हाताऱ्या शाहिराची ती गोष्ट आहे. त्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरकारनं शाहिराला कोर्टात खेचल्याची कथा, आणि तिला सुवर्णकमळ देणारं सरकारच! आम्ही सरकारी नोकर असल्यामुळं आम्हाला यात फारसं आश्चर्य वाटलं नाही. एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलाला माहीत नसते.

आणि बिदरपलीकडच्या तेलंगणातले गद्दर. तेलुगू शाहीर, २०२३ मध्ये गेले. एका चित्रपटगीतासाठी त्यांना आंध्र सरकारचा नंदी पुरस्कार जाहीर झाला होता, त्यांनी तो नाकारला. अण्णा भाऊंनी पुरस्कार घेतला, गद्दरनी नाकारला. आमच्या मते दोघंही आपापल्या जागी ठीक, कारण पुरस्कार देणाऱ्यानं दोघांच्याही गाण्यातली ओळ बदलून मागितली नव्हती.

आता आपल्या गावाजवळचं सांगतो. नावं घेणार नाही. आपल्या तालुक्यात पाच-सहा पोरांचं एक पथक आहे. हलगी, ढोलकी, एक पेटी. मराठी आणि कन्नड दोन्हीत गातात, अधूनमधून दखनीचा तडका. त्यांचं एक गाणं तुरीवर आहे. आपला जिल्हा तुरीचा, पण तूर पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडतं, वजनात किती जातं, अडत किती, सुतळी आणि हमाली कोणाच्या माथी, हे सगळं त्या गाण्यात हिशेबासह आहे. मोबाईलवर ते फिरलं, बरंच फिरलं. मग एका व्यापाऱ्याची सुपारी आली. त्यांच्या घरचं कार्य, एका रात्रीचे पंधरा हजार, येण्याजाण्याची गाडी. अट एकच, तुरीचं गाणं जरूर म्हणा, लोकांना आवडतं, फक्त वजनकाट्याचं कडवं तेवढं गाळा.

पोरं आमच्याकडं आली. “काका, काय करावं?” आम्ही म्हटलं, बाबांनो, ते गाणंच म्हणू नका, दुसरी वीस म्हणा आणि पंधरा हजार घ्या. लग्नात तुरीचं गाणं नाही म्हटलं तर कोणी फाशी देत नाही. पण म्हणायचं असेल तर सगळं म्हणा. पोरांनी तसा निरोप दिला. व्यापाऱ्याला तेच गाणं हवं होतं, त्या कडव्याशिवाय. बोलणं फिसकटलं. त्याच तारखेला पोरं दुसऱ्या एका गावच्या जत्रेत चार हजार आणि जेवणावर गाऊन आली.

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. पण त्यातला हलगीवाला पोरगा पुढच्या महिन्यात पथक सोडून गेला. घरात बहिणीचं लग्न, डोक्यावर कर्ज. तो आता लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात. बाकीची पोरं त्याला तोंडावर ‘विकाऊ’ म्हणाली, आणि ते आम्हाला मुळीच आवडलं नाही. पंधरा हजारातले त्याच्या वाट्याला आले असते अडीच हजार. ते अडीच हजार त्याच्या घरी कोणी पोहोचवले? तालुक्याच्या ज्या गावांनी ते कडवं ऐकून टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या एकानंही नाही.

म्हणून आम्हाला हा प्रश्न आता गाणाऱ्याला विचारावासा वाटत नाही, ऐकणाऱ्याला विचारावासा वाटतो. टिळकांच्या काळात गणेशोत्सवात मेळे निघत, गावोगावची पोरं पदं रचून गात. ती पदं सरकारला इतकी बोचली की मेळ्यांवर निर्बंध आले. म्हणजे हा उत्सव मुळात गाण्यांचा. आज आपण विसर्जनाच्या एका संध्याकाळच्या डीजेला भरघोस पैसे मोजतो, आगाऊ मोजतो, आणि शाहिराला शाल-श्रीफळ देतो. शालींवर संसार चालत असता तर आपल्या भागातले सगळे शाहीर श्रीमंत झाले असते.

आमची मंडळापुढं विनंती आहे, आणि अध्यक्षांच्या कानावर ती आधीच घातली आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात एक रात्र स्थानिक पथकासाठी ठेवावी. बिदागी आधी ठरवावी, लेखी द्यावी, निम्मी कार्यक्रमापूर्वी द्यावी. गाणी कोणती म्हणायची आणि कोणतं कडवं ठेवायचं हे पथकानं ठरवावं, वर्गणीदारानं नव्हे. वर्गणीदारांत अडतवाले आहेत, सरकारी नोकर आहेत, पुढारी आहेत. आमच्यावर कडवं आलं तर आम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकू. आणि त्या हलगीवाल्याला त्या एका रात्रीसाठी बँडमधून सुट्टी मिळवून देण्याचं काम आमच्याकडं ठेवा, त्याच्या मालकाशी आमची ओळख आहे.

गणपती बाप्पा मोरया.